निवळी

रोज सकाळी बेचाळीस डबे.
डालड्याचा डबा, कडी तुटलेली, तारेनं बांधलेली.
आप्पा वाकून, मोजत उपसायचे
आणि नाळेच्या आतल्या अंगाला खडूनं रेघ ओढायचे.
हरिपूरच्या घाटावर पहिला माणूस उतरायच्या आत
नावेचं पोट कोरडं.
"गळती हाय का ओ?" कुणी विचारलं तर म्हणायचे,
"नाव हाय. घाम येतोय तिला."

माघात त्यांचा उजवा हात गेला
आणि डबा माझ्याकडे आला.
चौथ्या दिवशी माझी कंबर म्हणाली, भोक शोध.

शोधायचं कुठं?
पाणी दिसायचं मधल्या खणात, शेवाळलेलं,
बिडीची थोटकं आणि एसटीचं तिकीट तरंगणारं.
तिथल्या फळ्या मी दोनदा डांबरल्या.
सकाळी बेचाळीस.
गुरुनाथ सुतार काठावरनंच म्हणाला,
"रत्नाक्का, पाणी बसतंय तिथनं ते आलेलं नसतंय.
आडून, फळीच्या पाठीवरनं सरकत येतंय,
आणि खोलगट जागा बघून टेकतंय."
सांगून गेला. शोधायला नाही थांबला.

त्या रात्री आप्पांना तंबाखू मळून देत होते.
दिवसभर हळदीच्या गिरणीत काम,
दोनदा धुऊनही तळवा पिवळाच,
आणि चुना लागला तिथं लालभडक.
मी तळव्याकडे बघत बसले.
आप्पांनी डाव्या हातानं चिमूट मागितली, ती दिली,
आणि उठून बादली शोधायला लागले.

चैत्र सरता नदी खाली गेली.
सहा माणसं, एक ट्रॅक्टर, पोतंभर शिव्या,
एवढ्यावर नाव वर आली, ओंडक्यांवर टेकली.
तळाचं डांबर खरवडायला तीन दिवस लागले.
मग गिरणीतली झाडलोटीची हळद कालवून
अख्ख्या तळाला लावली.
बायका हसल्या : नवरीला लावत्यात तशी लावतीस!
वाळू दिली.
आत ओतली चुन्याची निवळी, सात बादल्या,
आणि मी नावेखाली उताणी पडले.

काही नाही. बराच वेळ काही नाही.
ओंडक्याला मुंगळे. माझ्या पापणीवर हळद.
मग जोडाच्या रेषेत एक ठिपका,
त्याच्याशेजारी दुसरा,
टाचणीच्या डोक्याएवढे सहा.
हे आपलं नेहमीचं, काथ्या आणि राळ, अर्ध्या दिवसाचं काम.
पण मागं, आप्पांच्या बसायच्या फळीखाली,
रुपयाएवढं लाल, आणि ओघळत चाललेलं.

नख लावलं तर भोक गोल होतं.
फुटलेलं नव्हे, पाडलेलं.
नाव वर घेतल्यावर पाणी सोडायला ठेवतात ते,
बाहेर जायची वाट.
त्यात बाभळीची खुंटी, वाकडी तासलेली,
एका बाजूला कोरलेलं : ध.

धरेप्पानं नववीत असताना तासली होती.
आता तो कुपवाडला असतो, सायकलीनं तासभर.
सहा वर्षं झाली, आला नाही.

खुंटी नेऊन आप्पांपुढे धरली.
त्यांनी बघितलं, आणि अर्ध्या तोंडानं म्हणाले,
"म्हाईत हाय."
नवी खुंटी तासायला चहा प्यायचा वेळ लागतो.
त्याऐवजी बेचाळीस डबे, रोज. मी हिशोब करायला बसले
आणि सोडून दिला.

सुताचा दोरा गोडेतेलात भिजवला,
राळ गरम केली,
त्याच खुंटीला अडीच वेढे घातले
आणि मोगरीनं ठोकली, अक्षर आतल्या बाजूला येईल अशी.
वाळून आकसली होती, एवढंच तिचं दुखणं.
पाणी पिऊन फुगेल.

नाव परत नदीत. पहिली सकाळ.
उपसलं तर एक डबा, तोही अर्धामुर्धा.
आप्पांना सांगितलं.
त्यांनी डावा हात पुढं केला.
खडू मागत होते.

तेवढ्यात कोथळीकडं जाणारा एकजण लुना घेऊन घाटावर :
"खाली ओलं हाय का ओ? सामान ठेवायचंय."